उन्स्ट्रुट नदीत बुडण्याची परवानगी

गेल्या जूनमध्ये मी सासूबाईंना घेऊन बुडायला गेले होते. पुण्याला आल्यावर हे वाक्य ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग सासूबाईंकडे काळजीने पाहिलं. माझ्या मावशीने तर मला आतल्या खोलीत नेऊन, "सगळं ठीक आहे ना गं घरी?" असं विचारलं. म्हणून आता एकदाचं बैजवार लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

मी जर्मनीत येनाला पीएचडी करते. जुन्या चित्रांच्या रंगाखाली काय दडलंय ते दाखवणारा एक कॅमेरा असतो. रंगाच्या आरपार बघतो आणि तळाच्या पेन्सिलीच्या रेघा पडद्यावर आणून दाखवतो. चार वर्षं मी एकाच चित्रकाराच्या मागे लागले आहे. हा गडी जर्मनीतल्या एका बारक्या गावचा. फार पूर्वी, अमेरिकेच्या पश्चिमेकडचे नकाशेही धड झाले नव्हते तेव्हा, तो तिथल्या नद्या मोजायला निघालेल्या तुकडीबरोबर चित्रं काढायला म्हणून गेला. बरोबर लाकडी फळ्या नेल्या. जागेवर पेन्सिलीने काढायचं आणि घरी परतल्यावर त्याच फळीवर रंग चढवायचे, ही त्याची पद्धत. आज त्याच्या पाच फळ्या शिल्लक आहेत आणि पाचही नदीवरच्या संकटांच्या. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडात अडकलेली होडी. दोर बांधून काठावरून ओढून नेलेली होडी. बर्फाच्या लाद्यांत चेपलेली होडी. खळाळातून डोकं खाली घालून निघालेली होडी. आणि पाचवी, बुडणारी.

ह्या माणसाने जे पाहिलं तेच रंगवलं, की घरी येऊन तिखटमीठ लावलं, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. चार फळ्या तपासून झाल्या होत्या. पाचवी त्याच्या गावच्या संग्रहालयात होती आणि तिच्याशिवाय माझं शेवटचं प्रकरण म्हणजे नुसतं शीर्षक होतं. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. कॅमेरा सोमवारी सकाळी नऊला दुसऱ्या गटाच्या ताब्यात जाणार होता. म्हणजे माझ्या हातात शुक्रवार ते रविवार होता, आणि तेवढ्यात ते चित्र काचेबाहेर आलं नाही तर चार वर्षं पाण्यात.

सासूबाई माझ्याबरोबर कशा? माझा नवरा निखिल बॉबलिंगेनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आई तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे आल्या आणि पहिल्याच महिन्यात वैतागल्या. "तिथं नुसत्या मोटारी गं. माणूस दिसलाच तर मोटारीत बसायला निघालेला," असं म्हणून त्या पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे आल्या. मी त्यांना अहो आई म्हणते. त्या सांगलीच्या. कृष्णेचा पूर दोनदा त्यांच्या ओट्यावर आणि एकदा माळ्यापर्यंत आलेला आहे, त्यामुळे नदी हा विषय निघाला की त्या फार ऐकून घेत नाहीत.

शुक्रवार

येनाहून रेल्वेने दीड तास. उन्स्ट्रुट ही नदी म्हणजे अगदी गरीब गाय. दोन्ही काठांना द्राक्षाचे मळे, मधून संथ हिरवं पाणी, त्यावर बदकं. आईंनी पुलावरून खाली बघितलं आणि विचारलं, "हीच का ती? ह्यात कोण बुडणार?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढचं वाचलंत की कळेल का ते.

संग्रहालय जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत आहे. ते हेर, म्हणजे श्रीयुत, लोरेंत्स सांभाळतात. सत्तरीचे, उंच, पांढऱ्या मिशा, भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते संग्रहालयाचे प्रमुख आणि त्या चित्रकाराच्या नावाने चालणाऱ्या फेराइनचे, म्हणजे मंडळाचे, अध्यक्ष. जर्मनीत तीन माणसं एकत्र आली की फेराइन काढतात आणि चौथं माणूस यायच्या आत त्याचे नियम छापतात.

पाचवं चित्र बघून आई म्हणाल्या, "एवढंसं?" खरंच जेवायला बसायच्या पाटाएवढं होतं. पण आत काय चाललं होतं म्हणता. होडी उजव्या कुशीवर कलंडलेली, पाणी उकळत्या दुधासारखं वर आलेलं. सहा माणसं. एक वल्हं धरून, एकाचे दोन्ही हात आभाळाकडे, एक पिंपाला मिठी मारून, एक हात जोडून, एक टोपी घट्ट पकडून, आणि सहावा स्वतः चित्रकार, कागदांची पिशवी डोक्यावर धरलेला.

"हा बुडत होता, तर चित्र कुणी काढलं?" आईंनी विचारलं.

मी भाषांतर करायच्या आतच हेर लोरेंत्स यांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. त्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न होते आणि हा क्रमांक एकवर होता. उत्तर होतं, "कलावंताच्या मनाने." आईंनी मान डोलावली, पण त्यांना पटलेलं नव्हतं हे मला कळलं.

मी कॅमेऱ्याची पेटी खाली ठेवली आणि म्हटलं की काच काढायची म्हणजे सुरुवात करता येईल. ईमेलवर सगळं ठरलंच होतं.

"आल्झो," हेर लोरेंत्स म्हणाले. जर्मन माणूस आल्झो म्हणून थांबला की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. त्यांनी कपाटातून हिरवी वही काढली. फेराइनची नियमावली. काच फक्त फेराइनच्या सभासदाच्या कामासाठी उघडता येते, असं त्यात होतं. ठीक आहे, म्हटलं, मला सभासद करून घ्या, अर्ज द्या. तर सभासद अर्जाने होता येत नाही. त्यांनी पान उलटून बोट ठेवलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. सभासद तो, जो अध्यक्षांबरोबर ह्या नदीत बुडून ओला बाहेर आला.

मला वाटलं, माझं जर्मन कच्चं. दोनदा वाचलं. तेच होतं.

मग त्यांनी शांतपणे खुलासा केला. दर वर्षी जूनमधल्या एका रविवारी फेराइनची सहा माणसं जुने पोशाख घालून, चित्रातल्यासारख्या होडीत बसून, चित्रातल्यासारखी उन्स्ट्रुटमध्ये बुडतात. पुलाखाली पिवळं बोयं, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, बांधलेलं असतं, तिथे. हा रविवार तोच होता. आणि यंदा दोन माणसं कमी पडली होती. एकाचा मणका सरकलाय, दुसरा जहाजाच्या सहलीला गेलाय. "त्याला बुडायचा नाद लागलाय," असं मी मनात म्हटलं, पण बोलले नाही. गेनेमिगुंग, म्हणजे सरकारी परवानगी, सहा माणसांच्या बुडण्याची होती. चार बुडाले तर ते बेकायदा.

"तुम्ही दोघी," हेर लोरेंत्स म्हणाले, "आणि रविवारी दुपारी मी स्वतः काच उघडतो."

मी आईंकडे बघितलं. मला पाण्याची भीती वाटते, हे स्पष्टच सांगते. लहानपणी पोहायच्या तलावात एकदा नाकातोंडात पाणी गेलं ते अजून बाहेर आलेलं नाही. पण प्रबंधाची भीती त्याहून मोठी होती. आईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुद्दाम बुडायचं? चांगली चाललेली होडी?"

"हो."

"शिकलेली माणसं आहेत ना ही?"

"हो, अहो आई."

"बरं. तुझं काम होत असेल तर बुडू. पण मी पोशाख घालणार नाही, माझ्या पंजाबी ड्रेसवरच बुडेन."

संध्याकाळी खानावळीत क्लोसे खाल्ले. उकडलेल्या बटाट्याचे टेनिसच्या चेंडूएवढे गोळे असतात, वर गरम रस्सा ओततात. रस्सा मटणाचा म्हणून आमच्यासाठी मशरूमचा केला. आईंनी गोळा मधोमध कापला आणि आत बराच वेळ बघत राहिल्या. "सारण घालायला विसरलेत," त्या म्हणाल्या. तरी दोन संपवले.

शनिवार

जर्मनीत सराव केल्याशिवाय कुणी बुडत नाही.

सराव अग्निशमन केंद्राच्या गॅरेजमध्ये होता. बंब बाहेर काढून आत व्यायामाच्या गाद्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर सहा खुर्च्या, दोन-दोनच्या तीन ओळींत. ही होडी. सुरक्षेच्या प्रमुख फ्राऊ डीट्स, आखूड केसांच्या, खणखणीत बाई, हातात फाईल. त्यांनी प्रत्येकाला चित्रातला क्रमांक दिला. मी क्रमांक चार, हात जोडणारी. आई क्रमांक तीन, पिंपाला मिठी मारणाऱ्या. हेर लोरेंत्स पाच, टोपी पकडणारे. बाकी तिघे गावातले, एक दाताचा डॉक्टर आणि दोघे द्राक्षमळेवाले भाऊ.

फ्राऊ डीट्स ओरडणार, "येत्स्ट!" म्हणजे आत्ता. की सगळ्यांनी एकदम उजवीकडे झुकायचं, होडी कलंडणार, आपण पाण्यात. पाणी छातीभर. पोशाखाच्या आत तरंगायचं जाकीट. काठावर अग्निशमनवाले उभे. वेळ अकरा ते साडेअकरा, आणि त्यातलं बुडणं अकरा वीसला.

आम्ही सकाळभर खुर्च्यांवरून गादीवर पडत राहिलो. "क्रमांक चार, तुम्ही फार लवकर बुडता," असं फ्राऊ डीट्स मला तीनदा म्हणाल्या. आईंना मात्र काही केल्या उजवीकडे झुकता येईना. येत्स्ट म्हटलं की त्या डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरून बसायच्या. "अहो आई, उजवीकडे," मी सांगायचे. "कळलं गं," त्या म्हणायच्या, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. शेवटी दाताच्या डॉक्टरने त्यांना हळूच ढकलायचं असं ठरलं. बाई, काय गोड माणूस. ढकलताना दर वेळी माफी मागायचा.

मध्ये न्याहारी आली. पावावर कच्चं डुकराचं मांस आणि वर कांदा. आईंनी कांदा ओळखला, पाव ओळखला, उरलेलं ओळखल्यावर पर्समधला चिवडा काढला. द्राक्षवाल्या भावांनी तो एका बैठकीत फस्त केला आणि तो कुठल्या दुकानात मिळतो ते लिहून घेतलं.

खरी पंचाईत नारळाची झाली. नदीत उतरायचं म्हणजे नदीची ओटी भरायला हवी, हे आईंनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. नारळ येनाच्या आशियाई दुकानातून मी दुसऱ्याच कामासाठी घेतला होता, तो त्यांनी निघतानाच, वाटेत असावा म्हणून, बॅगेत टाकला होता. फ्राऊ डीट्स म्हणाल्या, नदीत काहीही टाकायला मनाई आहे. खण नाही, तांदूळ नाही, नारळ तर नाहीच. आई म्हणाल्या, मग मी होडीत बसणार नाही. परकी नदी, ओळख ना पाळख, आणि तिच्यात न विचारता बुडायचं? मी दोघींच्या मध्ये भाषांतर करता करता घामाघूम झाले. माझं शेवटचं प्रकरण एका नारळावर अडलं होतं.

तोडगा हेर लोरेंत्स यांनी काढला. चित्रातल्या होडीत सामान आहे, परवानगीत सामानाचा रकाना आहे. फ्राऊ डीट्स यांनी फाईल उघडून लिहिलं, "पिंप एक. दोर एक. नारळ एक." आई नारळ पाण्याला लावून परत वर घेतील, म्हणजे टाकला असं होणार नाही. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, फ्राऊ डीट्स म्हणाल्या आणि खाली सही केली. आईंचाही जीव भांड्यात पडला.

रविवार

अकरा वाजता सगळं गाव पुलावर. वाद्यवृंद, सॉसेज भाजणाऱ्याची गाडी, खुर्च्या आणून बसलेले म्हातारे. जर्मनीत रविवारी कपडे वाळत घातले तर शेजारी नाराज होतात, पण बुडायला हरकत नसते.

आईंनी काठावर वाकून नारळ पाण्याला लावला, हळदकुंकू वाहायचं ते बोटानेच नारळावर वाहिलं आणि मनात काहीतरी बोलल्या. मग आम्ही होडीत बसलो. मी शेजारच्या हेर लोरेंत्स यांच्याकडे बघितलं. ते सरळ समोर बघत होते, टोपी आत्ताच दोन्ही हातांनी धरलेली. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, पावडर लावलीय चित्रासारखी.

होडी संथपणे पुलाकडे निघाली. वाद्यवृंदाने गंभीर काहीतरी लावलं. पिवळं बोयं जवळ आलं. काठावरून फ्राऊ डीट्स ओरडल्या.

"येत्स्ट!"

आम्ही सगळे उजवीकडे झुकलो. दाताच्या डॉक्टरने माफी मागून आईंना ढकललं. होडी कलंडली, पाणी काठाला लागलं, माझ्या मांडीवर आलं. आणि माझ्या मानेपाशी कुणीतरी जाकीट पकडून मला मागे खेचलं.

"बसा खाली सगळे! डावीकडे! हलू नका!"

आई. सांगलीच्या मराठीत, पुराच्या आवाजात. ह्या आवाजावर एकेकाळी त्यांच्या गल्लीतली चौदा माणसं गुळाच्या एका काहिलीत गप्प बसून बाहेर पडली होती, असं निखिल सांगतो. मराठीचा एक शब्द न येणारा डॉक्टर बसला. दोघे भाऊ बसले. हेर लोरेंत्स तर असे बसले, जसं काही ते ह्या हुकमाचीच वाट बघत होते. सगळे डावीकडे. होडी एकदा डुचमळली, दोनदा डुचमळली आणि सरळ झाली.

बोयं मागे पडलं. आम्ही पुलाखालून कोरडेठाक बाहेर आलो. वाद्यवृंद थांबला. वर शंभरेक माणसं पुलाच्या ह्या कठड्याकडून त्या कठड्याकडे धावली. काठावर उभे असलेले अग्निशमनवाले गोल रबरी टायर हातात घेऊन आमच्याकडे बघत होते.

"बोयाच्या पुढची परवानगी नाही!" फ्राऊ डीट्स फाईल घेऊन काठाकाठाने धावत होत्या. बोयापर्यंत ते नाटक होतं. बोयाच्या पुढे ती विनानोंदणीची होडी होती आणि तिच्यात सहा माणसं बेकायदा तरंगत होती. वल्हं एकच, तेही नाटकापुरतं खोटं. शेवटी तंबूवाल्यांच्या कॅम्पपाशी होडी आपोआप चिखलात रुतली. चड्डीवर कॉफी पीत बसलेल्या एका माणसाने आम्हाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही ओले असायला हवं होतं ना?"

साडेअकरा वाजून गेले होते. परवानगी संपली होती. पुढची पुढच्या वर्षी.

मी आईंवर ओरडले. लपवत नाही. चिखलात उभं राहून ओरडले. "तुम्हाला एक दिवस गप्प बसता आलं नाही का? तीनदा सांगितलं, बुडायचंय. माझी चार वर्षं गेली." आणि रडायला लागले. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यांच्याशी मी कधी असं बोलले नव्हते. त्या नारळ हातात धरून उभ्या होत्या.

"कळलं होतं गं," त्या म्हणाल्या, "पण अंगाला कळलं नाही."

खानावळीत फेराइनची मंडळी बटाट्याचं सॅलड खात होती. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. हेर लोरेंत्स माझ्यापाशी आले, फार वाईट वाटलं म्हणाले, पण नियम तो नियम. एकदा मोडला की फेराइन कसलं राहिलं? मला त्यांच्याशी भांडायचीही ताकद उरली नव्हती. मी निखिलला फोन लावला, तो म्हणाला, "आईला होडीत बसवलंस? विचारायचंस तरी मला." मी फोन ठेवला.

आई ताट बाजूला सारून उठल्या. "ती वही वाच बरं पुन्हा. नीट. शब्दाला शब्द."

मी वाचलं. जो अध्यक्षांबरोबर ह्या नदीत बुडून ओला बाहेर आला.

"होडी लिहिलीय कुठे?"

मी पुन्हा वाचलं. हेर लोरेंत्स यांनी चष्मा लावून वाचलं. फ्राऊ डीट्स यांनी मागचं आणि पुढचं पान बघितलं. होडी नव्हती.

"मग होडी कशाला हवी? घाटावरून बुडतात की माणसं. चला."

फ्राऊ डीट्स यांनी फाईल चाळली, फोनवर काहीतरी तपासलं. खाजगी माणसाने पायऱ्यांवरून नदीत उतरायला कसलीच परवानगी लागत नाही, आपापल्या जबाबदारीवर खुशाल उतरावं. होडीतून बुडायची परवानगी काढायला ह्या बाईचं अख्खं वर्ष जायचं. ही तपासणी अर्ध्या मिनिटात झाली.

संग्रहालयामागे नदीला पाच दगडी पायऱ्या आहेत. आईंनी ओढणी कमरेला खोचली, माझा हात धरला आणि एकेक पायरी उतरायला लागल्या. पाणी इतकं गार की मी ओरडायलाही विसरले. अध्यक्षांबरोबर, असा नियम होता, म्हणून हेर लोरेंत्स यांनीही बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, आणि दुसऱ्या पायरीवर पाणी गुडघ्याला लागल्यावर ते थांबले. आता जाकीट नव्हतं. ते खाली पाण्याकडे बघत नुसते उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हे फिरणार आणि कायमचं संपणार.

आईंनी दुसरा हात पुढे केला. त्यांनी तो धरला. किती घट्ट, ते मला संध्याकाळी आईंच्या मनगटावर बांगड्यांचे वळ बघून कळलं.

"नाक धरा म्हणावं," आई म्हणाल्या. मी सांगितलं. आणि आम्ही तिघं बुडालो. एकदाच बुडायचं होतं, आईंनी तीनदा बुडवलं. वर आले तेव्हा मी खोकत होते, हसत होते, आणि आईंना सॉरी म्हणत होते. "असू दे गं," त्या म्हणाल्या, "आधी केस पूस." फ्राऊ डीट्स यांनी काठावर उभ्या उभ्या आमची दोघींची नावं हिरव्या वहीत लिहिली.

चार वाजता हेर लोरेंत्स यांनी कोरडा शर्ट घालून स्वतः काचेचे आठ स्क्रू काढले. आई टॉवेल गुंडाळून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. मी दिवा लावला, कॅमेरा सरकवत गेले आणि लॅपटॉपवर चित्र तुकड्यातुकड्याने उघडायला लागलं. आधी उकळणारं पाणी गेलं. मग काळे ढग गेले. खाली पेन्सिलीच्या बारीक, निवांत रेघा होत्या.

होडी सरळ होती.

कलंडलेली नव्हती, की कलंडणार असल्याचंही काही चिन्ह नव्हतं. सपाट पाण्यावरून सहा माणसं चालली होती. आभाळाकडे हात केलेला माणूस आळस देत होता. पिंपाला मिठी मारलेला पिंपावर डोकं टेकून बसला होता. हात जोडलेला पावाचा तुकडा मोडत होता. टोपीवाला टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. चित्रकाराच्या कागदांची पिशवी मांडीवर होती. काठावर तिथलाच कुणी माणूस उभा होता, हात लांब करून पाण्यातली वाट दाखवत. रंगवलेल्या चित्रात त्याच्या जागी झुडूप आहे.

प्रबंधाला ह्याहून चांगलं शेवटचं प्रकरण मिळालंच नसतं. आणि त्याच वेळी मला पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघायची हिंमत होईना. तपासायची परवानगी एक, आणि जे दिसेल ते छापायची दुसरी. दुसऱ्या कागदावर अजून सही व्हायची होती.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण मी खुर्ची बाजूला घेतली आणि त्यांना दाखवलं. एकेक माणूस, क्रमांकाप्रमाणे. पाचव्यापाशी मी जरा थांबले. मग सांगितलं, की हे जागेवर काढलेलं आहे, बुडणं नंतर घरी आल्यावर घातलंय. हे छापलं तर सगळ्यांना कळेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी छापणार नाही, माझं मी बघून घेईन.

त्यांनी वाकून पडद्यावरच्या झोपलेल्या टोपीवाल्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी कागद ओढला, सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "एकतीस वर्षं झाली. जून लागला की मला जेवण जात नाही."

"काय म्हणतायत?" आईंनी कोपऱ्यातून विचारलं.

मी सांगितलं. आई टॉवेल सावरत उठून आमच्याजवळ आल्या. "अरे देवा. मग आधी कुणाला बोलायचं नाही का? विचार त्यांना."

मी विचारलं. हेर लोरेंत्स यांनी पडद्यावरून नजर न काढता उत्तर दिलं.

"चित्रात सगळे बुडत होते. मला वाटलं, बुडायलाच हवं."